फलाटावरचं स्केचबुक

(पडद्यावर : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, लांब पल्ल्याच्या गाड्यांची बाजू. रात्र.)

हमाल हातगाडीवर आडवा झालाय. त्याच्यापासून चार पावलांवर एक मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली आहे. मांडीवर स्केचबुक, हातात मऊ शिशाची सिक्स बी पेन्सिल. शार्पनरने नाही, कटरने तासलेली. शिसं बोटाच्या पेराएवढं बाहेर काढलंय. असं तासलं की पेन्सिल आडवी धरून सावलीचा जाड पट्टा एका फटक्यात ओढता येतो, आणि उभी धरली की बारीक रेष.

हमाल कूस बदलणार, हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती नाकडोळ्यांपासून सुरुवात करत नाही. आधी पाठीचा बाक, मग खांद्याचा उतार, मग अंगाचा भार कुठे टेकलाय ते. चेहरा शेवटी, वेळ उरला तर. बहुतेक वेळा उरत नाही. रोज वही भरा, हात आपोआप सुधारेल, असं म्हणतात. पण नुसती रोजची सवय पुरते का?

मुंबईत चित्रकला शिकलेल्या कुणालाही विचारा, व्हीटीची आठवण निघतेच. स्टेशनचं नाव बदललं, चित्रकारांच्या तोंडी व्हीटीच राहिलं. कारण अगदी साधं : १८५७ साली सुरू झालेलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट रस्त्याच्या पलीकडेच आहे. स्टेशनची इमारत १८७८ साली बांधायला घेतली, तिला दहा वर्षं लागली. भिंतींवरची, कमानींवरची ती पानंफुलं, ते पशुपक्षी... त्या कोरीवकामात याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्यांचे वारस आता त्या कमानींखाली बसून प्रवासी काढतात.

वर्गातलं मॉडेल पैसे घेऊन स्थिर बसतं. इथलं माणूस फुकट, पण कधी उठेल सांगता येत नाही. शिवाय मागे उभे राहून बघणारे असतात. ‘माझं काढा ना,’ म्हणतात, आणि काढल्यावर ‘हा मी वाटत नाही’ हेही तेच म्हणतात. लोकांसमोर वाईट चित्र काढायची लाज इथेच जाते. माझ्या मते फलाटाने चित्रकारांना दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

(पडद्यावर : धुरंधरांची रेखाटनं, मुंबईची जुनी पोस्टकार्डं.)

१८९० साली कोल्हापूरहून एक तरुण जे. जे.च्या या शाळेत दाखल झाला. महादेव विश्वनाथ धुरंधर. आधी विद्यार्थी, मग शिक्षक. १९३१ साली निवृत्त झाले तेव्हा शाळेत एकेचाळीस वर्षं झाली होती. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी शहराच्या गल्लीबोळांवर पुस्तक लिहिलं, ते १९१२ साली आलं. त्यातली चित्रं धुरंधरांची. मुंबईतल्या माणसांची त्यांची पोस्टकार्डं तर त्याच्याही आधीची.

ती चित्रं जवळून बघा. पदर कुठल्या खांद्यावर, पगडीचा पीळ कसा, डोक्यावर ओझं असलेल्या बाईचा कमरेतला झोक किती. टेबलाशी बसून कल्पनेने हे सुचत नाही. रस्त्यात माणूस भेटला की त्याच्याकडे नीट बघायचं, ही सवय असावी लागते.

(पडद्यावर : शाळेतला चित्रकलेचा वर्ग.)

आता उलट बाजू. महाराष्ट्रात दरवर्षी ढिगाने मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. बघितलेलं आठवून काढायचं, ही मूळ कल्पना किती सुंदर! प्रत्यक्षात क्लासमध्ये बसस्टॉप, भाजीबाजार आणि पाणवठा घोकून घेतात. तीच छत्रीवाली बाई, तोच पिशवीवाला माणूस, विषय कुठलाही येवो. मुलं महिनोन्‌महिने रोज सराव करतात, पण त्या बाईकडे खरंखुरं कुणीच कधी बघितलेलं नसतं. दहावीचे वाढीव गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. नियमितपणाचं कौतुक करताना हे आपण सोयीने विसरतो. गिरवण्याचीही सवय लागतेच, आणि ती लागली की सुटता सुटत नाही.

आणि अमूर्त चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे? १९४८ साली याच जे. जे.तून पदविका घेतलेले. पुढे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे. कॅनव्हासची संख्या धरून मोजलं तर आळशी ठरतील! रोज किती पानं भरली, या हिशोबाला मर्यादा आहेत, एवढंच.

(पडद्यावर : लोकल. गर्दी. एका हातात छोटी वही.)

पदविका हातात आली की ‘स्केचेस दाखवा’ म्हणणारं कुणी उरत नाही. नोकरी, डेडलाइन, घर. खरी परीक्षा तिथे सुरू होते. ज्यांची वही चालू राहिली त्यांच्याकडे बघा. वही महागडी नसते. हातकागदाच्या देखण्या वहीत रेष ओढायला हात धजत नाही. पहिलं पान बिघडलं की वही कपाटात. पाठकोरे कागद शिवून केलेली वही बरी, छापखान्यातले कापून उरलेले कागद तर उत्तमच. पेन्सिलीऐवजी बॉलपेन, म्हणजे खोडायचा प्रश्न नाही. पान फाडायचं नाही. कोपऱ्यात तारीख.

वेळ मात्र ठरलेली : रोजची लोकल, ठरलेला डबा. उभ्याने, खिशात मावेल एवढ्या वहीत. हँडलला लटकलेले हात आधी काढतात, कारण गर्दीत तेच जास्त वेळ जागेवर असतात. मोबाइलने चित्रकारांवर एक उपकार केलाय. अख्खा डबा मान खाली घालून स्तब्ध उभा असतो. तोटा असा, की सगळ्यांची पोझ एकच! समोरची बाई दादरला उतरते. राहिलेला खांदा, पर्सचा पट्टा, मानेवरचा अंबाडा आठवून पुरा करायचा. परीक्षेतल्या त्या पेपराला खरं तर हेच अपेक्षित होतं.

खंड पडतोच. आजारपण येतं, घरात लग्न निघतं, मुलांच्या परीक्षा लागतात. पुन्हा वही उघडली की पहिले काही दिवस रेष अडखळते, आणि बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात. मोठं चित्र हाती घेऊन मागची कसर भरून काढायला जातात आणि तोंडघशी पडतात. अशा दिवसांत गर्दीत जाऊ नये. घरातलंच काहीतरी काढावं : कढई, दारामागची छत्री, उंबऱ्याबाहेर पडलेल्या चपला. चपलांचं एक बरं असतं, त्या गाडी आली म्हणून उठून जात नाहीत.