दगडू, धोंडू आणि फकिरा

नमस्कार श्रोतेहो. मुलाचं बारसं ठरलं की हल्ली आत्याबाई आधी मोबाइल उघडतात. नाव दोन अक्षरी हवं, वेगळं हवं, अर्थ तर सुंदर हवाच. आज मी मात्र ज्यांचा अर्थ मुद्दाम कुरूप ठेवला होता, अशा नावांबद्दल बोलणार आहे.

जुना सातबारा किंवा घरातली वंशावळ काढून पाहा. दगडू, धोंडू, केरू, उकिर्डा, भिकाजी अशी नावं ओळीनं सापडतील. देवी, पटकी अशा रोगांच्या साथींनी पाळणे रिकामे व्हायचे तो काळ. दोन-तीन मुलं गेल्यावर झालेलं पोर काही ठिकाणी उकिरड्यावर नाहीतर केराच्या सुपात ठेवायचे आणि लगेच उचलून घ्यायचे. टाकून दिलेल्या पोराकडे सटवीचं लक्ष जात नाही, दृष्ट लागत नाही, अशी समजूत. त्याचं नाव मग केरू. दगडासारखं टिकावं म्हणून दगडू, धोंडू. भिकाजी म्हणजे देवाकडे पदर पसरून मागितलेला. महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 ते 1962, चांगले 104 वर्षं जगले. नाव फळलं म्हणायचं! आणि पुण्यात ज्याच्यापुढे रांगा लागतात, तो गणपतीही दगडूशेठांचाच की.

नवस पिराला बोललेला असला तर मुलगा फकिरा व्हायचा. मोहरमात त्याला फकीरही करत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी, शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते.

बाकी कितीतरी नावं थेट पंचांगातून आली. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगळू. महात्मा फुले 1827 साली जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मले म्हणून जोतीराव, असं चरित्रकार लिहितात. अधिक महिन्याची गंमत तर मला फार आवडते. साधारण पावणेतीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, पोथीत तो पुरुषोत्तम मास. त्यात जन्मलेला मुलगा शेतकऱ्याच्या घरी धोंडू व्हायचा आणि पोथी वाचणाऱ्या भटजींच्या घरी पुरुषोत्तम.