वॉकी-टॉकी घ्यायचा, पण कुठल्या कामाला?

नमस्कार श्रोतेहो.

वॉकी-टॉकीच्या खोक्यावर एक मोठा आकडा छापलेला असतो. रेंज दहा किलोमीटर, पंधरा किलोमीटर, कधी कधी तर तीस. खरेदीला निघण्याआधी हा आकडा डोक्यातून काढून टाका. उभ्या माणसाने तोंडाशी धरलेला सेट जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. पृथ्वीची गोलाई धरून हिशेब केला, तर एवढ्या उंचीवरचे दोन सेट अगदी सपाट, मोकळ्या रानातही दहाएक किलोमीटरच्या पलीकडे एकमेकांच्या टप्प्यात राहत नाहीत. मध्ये नागपूरच्या धरमपेठेसारखी दाट वस्ती आली की दीड-दोन किलोमीटरवर आवाज तुटायला लागतो. आरसीसीच्या इमारतीत चार-पाच मजले पार झाले तरी पुष्कळ समजायचं. वॅट वाढवूनही फार फरक पडत नाही. दोनाचे चार वॅट केले म्हणून रेंज दुप्पट होत नाही, बॅटरी मात्र लवकर उतरते. म्हणून दुकानदाराला "किती किलोमीटर जाईल?" असं विचारू नका. माझी माणसं कुठे उभी राहतात आणि त्यांच्या मध्ये काय काय येतं, हे आधी कागदावर मांडा.

त्याआधी कायद्याचं बघू, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा फ्रिक्वेन्सीचा पट्टा २०१८ च्या नियमांनुसार परवानामुक्त आहे. त्यात कमी ताकदीचे, अर्ध्या वॅटचे सेट चालतात. छोटं दुकान, शाळेचं मैदान, सोसायटीचा वॉचमन अशा कामांना ते पुरतात. चार-पाच वॅटचे व्यावसायिक सेट वापरायचे असतील, तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून तुमच्या संस्थेच्या नावाने फ्रिक्वेन्सी आणि परवाना घ्यावा लागतो. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. शिवाय सेटच्या मॉडेलला ईटीए, म्हणजे उपकरण मंजुरीचं प्रमाणपत्र असायला हवं. नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेली जोडी इथे चालवू नये. तिकडचा खुला पट्टा ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झचा आहे, आपल्याकडे तो खुला नाही. ऑनलाइन विक्रीत हा गोंधळ इतका वाढला, की २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वॉकी-टॉकीच्या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. "परवान्याचं आम्ही पाहून घेऊ, तुम्ही वापरा" असं विक्रेता म्हणाला, तर त्याच्याकडे कागद मागा. परवाना वापरणाऱ्याच्या नावावर लागतो.

आता पट्टा निवडायचा. व्हीएचएफ म्हणजे १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि यूएचएफ म्हणजे साधारण ४०० ते ४७०. व्हीएचएफची लहर दोन मीटरच्या आसपास लांब असते, यूएचएफची पाऊण मीटरच्याही आत. झाडोरा, पानं, उंचसखल जमीन यांतून लांब लहर बरी निघते. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात काम असेल तर व्हीएचएफच घ्या. पावसाळ्यात ओल्या पानांनी यूएचएफची ताकद आणखी खाल्ली जाते. उलट इमारत, गोदाम, कारखाना असेल तर यूएचएफ. दारं, खिडक्या, जिने, लोखंडी रॅकमधल्या फटी यांतून आखूड लहर वाट काढते. अँटेनाही छोटा असतो, कमरेला टोचत नाही. आणि एक लक्षात ठेवा, व्हीएचएफचा सेट यूएचएफच्या सेटशी बोलत नाही. जुने पाच पडून आहेत, त्यात नवे दहा घालू, असा विचार असेल तर आधी जुन्यांचा पट्टा तपासा.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतला मोठा कारखाना घ्या. शेड लोखंडी, गेट एका टोकाला, बॉयलर दुसऱ्या टोकाला. इथे सेट-टू-सेट बोलणं अर्धवटच होतं, रिपीटर बसवावा लागतो. रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेला सेट, जो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच मोठ्याने पुढे पाठवतो. त्यामुळे परवान्यात फ्रिक्वेन्सीची जोडी मागावी लागते आणि कायमच्या अँटेनाच्या जागेसाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. मिहान या औद्योगिक क्षेत्रात विमानतळ शेजारीच असल्याने अँटेनाच्या उंचीचा प्रश्न आधीच निकालात काढलेला बरा.

रिपीटरवर लाखभर खर्च करणारे लोक केबलवर पैसे वाचवतात आणि तिथेच घात होतो. रिपीटर तळमजल्याच्या खोलीत, अँटेना छतावर, मध्ये तीस मीटर केबल. ती आरजी-५८ जातीची बारीक केबल असेल, तर यूएचएफवर एवढ्या लांबीत साधारण दहा डेसिबल जातात. म्हणजे दहातले नऊ हिस्से केबलमध्येच संपले. २५ वॅटच्या रिपीटरमधून अँटेनाला पोचतात अडीच वॅट. तेवढ्याच लांबीची एलएमआर-४०० जातीची जाड केबल घातली, तर तेरा वॅटच्या आसपास पोचतात. नुकसान येतानाही तेवढंच होतं. दूरच्या हातातल्या सेटचा आधीच क्षीण झालेला आवाज केबलमध्ये आणखी दहाव्या हिश्श्यावर येतो. मग "आम्हाला तुमचं ऐकू येतं, तुम्हाला आमचं येत नाही" ही तक्रार सुरू होते आणि सगळे हातातल्या सेटला दोष देतात. उपाय साधा आहे. रिपीटर अँटेनाच्या जवळच्या खोलीत न्या, केबल जाड घ्या. छतावरचा कनेक्टर सील करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाणी केबलमध्ये उतरतं. आणि वीज पडण्यापासून बचावासाठी अरेस्टर आणि चांगलं अर्थिंग हवंच.

गोंगाटाचा प्रश्न वेगळा. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागात, किंवा कोराडीसारख्या वीज केंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये सेटचा स्पीकर कितीही मोठा असला तरी निरुपयोगी. तिथे कान झाकणारा हेडसेट आणि तोंडाजवळचा, आजूबाजूचा आवाज कापणारा माइक घ्या. त्याचे पैसे सेटच्याच हिशेबात धरा. राखेच्या, सिमेंटच्या धुळीत, कळमना बाजारात मिरचीच्या हंगामात, आयपी ५४ चा सेट फार काळ टिकत नाही. आयपीचा आकडा म्हणजे धूळ आणि पाणी किती रोखलं जातं त्याची खूण. माइकच्या भोकात धूळ बसते आणि आवाज गुदमरल्यासारखा येतो. आयपी ६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. पण बाजूच्या अॅक्सेसरी जोडणीचं झाकण हरवलं, तर त्या ६७ ला फारसा अर्थ राहत नाही.

आता धोक्याच्या जागा. या बाबतीत नागपूरकरांना लांब जावं लागत नाही. पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. ज्वालाग्राही वायू किंवा वाफ असण्याची शक्यता आहे अशा ठिकाणी, पेट्रोलियम डेपोत, गॅस भरण्याच्या प्लांटमध्ये, साधा सेट चालत नाही. तिथे इन्ट्रिन्सिकली सेफ सेट लागतो. त्यात ठिणगीची आणि उष्णतेची ऊर्जा इतकी मर्यादित ठेवलेली असते, की वायू पेटूच नये. खाणीसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची, डीजीएमएसची मान्यता बघावी लागते. कोळशाच्या भूमिगत खाणीत मिथेन असतो, तिथली उपकरणं 'ग्रुप एक'मध्ये येतात. जमिनीवरच्या कारखान्यांची 'ग्रुप दोन'मध्ये. एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याला चालत नाही. हे सेट घेताना एक गोष्ट हमखास सुटते. प्रमाणपत्र सेट आणि बॅटरी या दोघांना मिळून असतं. वर्षभराने बाजारातली स्वस्त बॅटरी लावली, की तो सेट पुन्हा साधा सेट झाला. बॅटरी बदलणं, चार्ज करणं हे धोक्याच्या हद्दीबाहेरच.

भूमिगत खाणीत आणखी एक अडचण, दगडातून लहर जात नाही. सरळ बोगद्यात समोर दिसेपर्यंत बोलणं होतं, वळण आलं की संपलं. तिथे लीकी फीडर, म्हणजे ठिकठिकाणी मुद्दाम लहर झिरपू देणारी केबल, खाणीतल्या बोगद्यांभर टाकावी लागते. आणि विजेवर उडणारे डेटोनेटर जिथे जोडले जातात, त्या ठरवून दिलेल्या अंतराच्या आत कुठल्याही सेटचं बोलायचं बटण दाबायचं नाही, मग तो सेट कितीही सुरक्षित मान्यतेचा असो. डेटोनेटरच्या तारा अँटेनासारखं काम करतात.

रुग्णालयात उलटा विचार करायचा, ताकद कमी हवी. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१-२ या मानकात ४५० मेगाहर्ट्झच्या वॉकी-टॉकीसाठीची चाचणी २ वॅटचा सेट ३० सेंटीमीटरवर आहे असं धरून ठरवली आहे. चार वॅटचा सेट घेऊन सुरक्षारक्षक व्हेंटिलेटरला टेकून उभा राहिला, तर ती हद्द ओलांडली. सेट लो पॉवरवर, एक वॅटवर कायमचा लॉक करून घ्या. आयसीयूत बटण न दाबता बाहेर येऊन बोलायचा नियम करा. एमआरआयच्या खोलीत सेट न्यायचाच नाही.

हॉटेल, लॉन, मंगल कार्यालय यांना हलका यूएचएफ सेट आणि कानातला इअरफोन पुरे. वर्षातून चार लग्नं असतील तर भाड्याने घ्या, पण परवाना कोणाचा ते तिथेही विचारा.

नागपूरहून गोंदिया, चंद्रपूरपर्यंत गाड्या फिरवणाऱ्यांना सिमवर चालणारा पीओसी सेट सोयीचा. तो मोबाइल नेटवर्कवर बोलतो, त्यामुळे अंतराची चिंता नाही. पण दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा जामठ्याच्या स्टेडियमवर सामना असताना हजारो-लाखो मोबाइल एकाच वेळी टॉवरवर तुटून पडतात. स्वयंसेवकांना त्या दिवशी स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवरचे सेटच हवेत.

डिजिटल घ्यायचे की अॅनालॉग? वीसपेक्षा जास्त सेट असतील तर डिजिटल, म्हणजे डीएमआर या पद्धतीचे घ्या, असं आमचं मत. एकाच १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर दोन संभाषणं एकाच वेळी चालतात. मेंटेनन्सचं आणि सिक्युरिटीचं भांडण मिटतं. बॅटरीही जास्त चालते. अॅनालॉगमध्ये टोन कोड, म्हणजे आपल्या गटाच्या सेटची खूण सांगणारा बारीक सूर, लावला म्हणजे बोलणं गुप्त राहिलं, हा समज चुकीचा आहे. त्याने फक्त आपल्याला दुसऱ्यांचं ऐकू येत नाही, दुसरे आपलं ऐकू शकतातच. डिजिटलची खोड अशी, की अॅनालॉगमध्ये रेंज संपताना खरखर होते आणि माणूस सावध होतो. इथे एका पावलात आवाज नाहीसा होतो.

बटण दाबल्या दाबल्या बोलू नका. अर्धा सेकंद थांबा, मग बोला. आणि शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावरच बटण सोडा. "लोड उचलू नका" म्हणताना बटण घाईने सुटलं, तर क्रेनवाल्याला फक्त "लोड उचलू" ऐकू जातं. क्रेनजवळ "थांबा, थांबा" एवढंच दोनदा बोलायची शिस्त लावा.

पैसे देण्याआधी दोन सेट चाचणीला मागा. कारखान्याचा नकाशा घेऊन, सगळ्या मशीन चालू असताना, फिरत जा. लिफ्ट, तळघर, स्टोअर, मागची भिंत, प्रत्येक जागी एक ते पाच गुण लिहा. तीनच्या खाली जिथे जिथे येईल, तिथला उपाय विक्रेत्याकडून लेखी घ्या. तीन पाळ्यांत सेट हातोहात फिरत असेल, तर प्रत्येक सेटमागे दोन बॅटऱ्या, आणि दहा सेटमागे एक जादा सेट. बॅटरीवर घेतल्याची तारीख मार्करने लिहा. दीड-दोन वर्षांनी ती बदलायची, हे बजेटमध्ये आधीच धरा. चार्जर गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवू नका. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज घेत नाही. मे महिन्यात आपल्याकडे त्या केबिनमध्ये दुपारी एवढं तापमान सहज असतं. लाइट लुकलुकतो, चार्जर बिघडला म्हणून परत पाठवला जातो आणि तिकडून "चार्जर ठीक आहे" असं उत्तर येतं. चार्जर कूलरच्या खोलीत हलवा. आणि रात्रपाळीने उतरवलेल्या बॅटऱ्या सकाळी ऊन चढायच्या आत भरून घ्या.