७५ रुपये, २० वर्षं: न्यू इंग्लिश स्कूलचं पहिलं दशक

(दृश्य: पुण्याच्या जुन्या पेठा, वाड्याचा दिंडीदरवाजा.)

२ जानेवारी १८८०. पुण्यात मोरोबादादांच्या वाड्यात एक खासगी शाळा सुरू होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून आलेले, वय २९. बाळ गंगाधर टिळक २३ वर्षांचे. महादेव बल्लाळ नामजोशी जमवाजमव करणारे. लगेचच वामन शिवराम आपटे येतात आणि शाळेचा कारभार हाती घेतात. एम.ए. करून गोपाळ गणेश आगरकर १८८१मध्ये दाखल होतात.

शाळेचं काम एका वाक्यात सांगता येतं: मुलांना मॅट्रिकला तयार करायचं. तेव्हा मराठी चौथी झाली की मुलगा इंग्रजी पहिलीत जाई आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. परीक्षा मुंबई विद्यापीठाची, उत्तरं इंग्रजीत. इंग्रजी, संस्कृतसारखी दुसरी भाषा, अंकगणित, बीजगणित, युक्लिडची भूमिती, शिवाय इतिहास-भूगोल. एका विषयात गचका बसला की वर्ष गेलं. कवी केशवसुत याच शाळेतून मॅट्रिक झाले, पण वयाच्या विशीनंतर. सगळ्या विषयांना सारखाच वेळ देणं ज्याच्या स्वभावात नाही, त्याला ही परीक्षा फार जड जाई.

(दृश्य: पाटी, दौत, टाक, वाड्यातली अंधारी खोली.)

शाळा दिवसाची. राहण्या-जेवण्याची सोय ज्याची त्यानं करायची. कोकणातून, घाटावरच्या खेड्यांतून आलेली ब्राह्मण मुलं वाड्यांतल्या खोल्यांत दाटीवाटीनं राहत. ऐपत असेल तो हातानं स्वयंपाक करी. नसेल तो वार लावी, म्हणजे सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. तेही न जमलं तर माधुकरी. घरोघर जाऊन शिजवलेलं अन्न मागायचं, तेच जेवायचं आणि शाळा गाठायची. एखाद्या घरी सुतक आलं की त्या दिवशीचा वार बुडे. अशा मुलांसाठी फी किती, हा प्रश्न पोटाचाच होता. म्हणून इथली फी सरकारी शाळेपेक्षा कमी ठेवली होती. फी कमी आणि सुरुवातीला सरकारी अनुदानही नाही, तेव्हा तोटा भरून निघे तो मास्तरांच्या पगारातून.

शिकवणं मात्र स्वस्तातलं नव्हतं. आपट्यांची संस्कृतवर घट्ट पकड, शिस्तही कडक. संस्कृत वाक्यरचनेवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक १८८१मध्ये निघालं, ते आजही वापरात आहे. टिळक गणित शिकवत. फळ्याकडे न वळता तोंडीच गणित सोडवत जात. हुशार मुलं खूश होत, मागची मुलं मात्र मागेच राहत. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. ती पहिल्या काही वर्षांतच या शाळेकडे आली आणि पुण्यात नाव झालं.

मग आलं १८८२. १७ मार्चला चिपळूणकर गेले, वयाच्या ३१व्या वर्षी. शाळेत शिकणाऱ्या हरि नारायण आपट्यांनी त्यांच्यावर शोककाव्य लिहिलं. जुलैत कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या दिवाणाविरुद्ध वर्तमानपत्रांत छापल्याबद्दलच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि ते १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात राहिले. चार महिन्यांत तीन मुख्य शिक्षक वर्गाबाहेर. एवढ्यानं दुसरी कुठली नवी शाळा बंद पडली असती. इथे वामन शिवराम आपटे आणि सहकाऱ्यांनी तास सांभाळले. त्याच वर्षी सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. खासगी शाळाही दर्जा राखू शकते, हे त्यांना दाखवायचं होतं.

(दृश्य: फर्ग्युसन महाविद्यालयाची इमारत.)

२४ ऑक्टोबर १८८४ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ला फर्ग्युसन कॉलेज. सात आजीव सदस्य: आपटे, आगरकर, टिळक, नामजोशी, केळकर, गोळे, धारप. करार असा की २० वर्षं सेवा, महिना ७५ रुपये. तरुण गोपाळ कृष्ण गोखले १८८५मध्ये शाळेत शिकवू लागले. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी केलेलं अंकगणिताचं पुस्तक पुढे देशभर चाललं.

पण शाळेला तारणारा हाच करार पुढे भांडणाचं मूळ ठरला. पगार वाढवायचा का? सदस्यानं बाहेर काम करून कमवावं का? टिळकांचं म्हणणं, आजीव सदस्याचा सगळा वेळ संस्थेचा. बाकीच्यांना घरं चालवायची होती. सामाजिक सुधारणांवरून आगरकरांशी वाद आधीच पेटला होता. दोघांच्याही बाजूला प्रामाणिकपणा होता आणि म्हणूनच तडजोड झाली नाही. १८९०च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला.

१८९१मध्ये फर्ग्युसनमधल्या त्यांच्या गणिताच्या जागेवर धोंडो केशव कर्वे आले आणि पुढे आजीव सदस्य होऊन १९१४पर्यंत शिकवत राहिले. आपटे १८९२मध्ये वारले, आगरकर १८९५मध्ये. १८९९मध्ये सोसायटीनं साताऱ्यातही न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुण्यात रमणबाग आणि टिळक रस्ता इथे या नावाचे वर्ग आजही भरतात.