बाणाच्या काडीचा बाक कसा काढावा

नमस्कार. माझ्या हातात बांबूची एक काडी आहे. तिची लांबी सुमारे ३० इंच आणि जाडी साधारण ८ मिलिमीटर आहे. अशी समोर आडवी धरली तर ती सरळच वाटते. आता मी तिचे एक टोक डोळ्याजवळ घेतो, दुसरे दाराच्या उजेडाकडे करतो आणि काडी बोटांत हळूहळू फिरवतो. कॅमेरा जवळ आणला आहे, त्यामुळे तुम्हालाही दिसेल की मधल्या गाठीपाशी ती एका बाजूला सुटते आणि पुढच्या पेरात परत रेषेवर येते. आजचा व्हिडिओ या एका बाकाविषयी आहे.

हा बाक काढायचा कशासाठी, ते आधी सांगतो. दोरी सुटते तेव्हा बाण मुळीच ताठ राहत नाही. मागून दोरी रेटत असते, बाजूला धनुष्याचा दांडा असतो, म्हणून काडी लवते, दांड्याला वळसा घालून पुढे जाते आणि हवेत काही अंतर थरथरून मग स्थिरावते. पिसांमुळे प्रत्येक बाण दोरीवर ठरावीक बाजूनेच चढतो. त्यामुळे एका काडीचा बाक डावीकडे आणि दुसरीचा उजवीकडे असेल, तर नेम तोच धरूनही दोन बाण दोन ठिकाणी लागतात आणि आपण विनाकारण स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

आपल्या खानदेशात ही विद्या परकी नाही. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजांनी तिरकामठा पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे, आणि तिथला बाण बांबूचाच असतो. म्हणून मी बांबूपासून सुरुवात करतो. काडी मात्र पूर्ण वाळलेली हवी. ओल्या काडीचा बाक आज काढला तरी वाळताना ती पुन्हा तिच्या मनासारखी वळते. तोडलेल्या काड्यांची घट्ट मोळी बांधून ती सावलीत काही महिने ठेवावी; निम्मे काम तिथेच होते.

विस्तवाजवळ जाण्यापूर्वी बाक नेमका कुठे आहे ते पेन्सिलीने नोंदवून घ्यावे. त्यासाठी मी काडी शहाबादी फरशीवर तळव्याने लोटतो. गाठी आधी कानशीने घासून सपाट केल्या आहेत, म्हणून सरळ काडी सलग घरंगळते. वाकडी काडी मात्र प्रत्येक फेऱ्याला टक्‌ असा आवाज करते. ऐका. जिथे फरशी आणि काडी यांच्यामधून उजेड दिसतो, तिथे खूण करायची. लांबवर पसरलेला बाक आधी काढावा आणि गाठीजवळचा आखूड बाक नंतर, कारण मोठा बाक गेल्याशिवाय लहान बाकाची खरी जागा कळत नाही.

आता विस्तव. भरताची वांगी आपण पऱ्हाटीच्या जाळावर भाजतो, पण तो जाळ इथे कामाचा नाही. तो काजळी धरतो आणि क्षणात चटका देतो. शेगडीत बाभळीचे निखारे घ्यावेत आणि त्यांवर चार बोटे उंचीवर काडीचा खुणेचा भाग सतत फिरवत ठेवावा. हॉट एअर गन असेल तर तीही चालते. लाकडाचे तंतू धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर पुन्हा कडक होते. आपल्याला एवढाच अवधी मिळतो. काडीला बोट जेमतेम लावता येईल इतकी ती तापली, की हाताला जाड फडके घेऊन फुगीर बाजूवर अंगठे ठेवायचे आणि सावकाश दाब द्यायचा. काडी सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावी, कारण सोडल्यावर ती थोडी मागे येतेच. आणि मग थांबावे. बहुतेकांची चूक इथे होते: काडी सरळ दिसली की ते लगेच हात काढतात. ती पूर्ण निवेपर्यंत, म्हणजे निदान मनात तीस अंक मोजेपर्यंत, तशीच धरून ठेवा.

गाठीची भिंत जाड असते, म्हणून तिला शेक अधिक लागतो. शेजारच्या पेराला मात्र तेवढा शेक सोसत नाही. माझी एक उत्तम काडी मी बोलता बोलता एका जागी धरून ठेवली आणि गाठीच्या बाजूला करपवली. ती दिसायला सुरेख सरळ झाली होती, पण हातात हलकेच लववताच त्याच काळ्या डागावर तिचे दोन तुकडे झाले. तो तुकडा धनुष्यावर मोडला असता तर माझ्या डाव्या हातात घुसला असता. म्हणून सरळ केलेली प्रत्येक काडी कानाजवळ धरून चहूबाजूंनी लववून पाहा. किंचितही कडकड ऐकू आली तर ती चुलीत घाला.

पाइन किंवा स्प्रूस यांच्या तयार गोल काड्या वापरणाऱ्यांना बहुधा विस्तवाची गरजच पडत नाही. गुळगुळीत पितळी आकड्याने फुगीर बाजू दाबून घासली की तिथले तंतू दबतात आणि बाक उतरतो. घेताना मात्र लाकडाच्या रेषा टोकापासून खाचेपर्यंत जातात का ते पाहावे. मध्येच तिरप्या बाहेर पडणाऱ्या रेषा असतील तर ती काडी घेऊच नये. काड्यांचा लवचिकपणाही सारखा हवा. त्यासाठी २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर काडी ठेवून मध्यभागी २ पौंड वजन टांगतात आणि ती किती लवते ते मोजतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि जूनमध्ये हवा एकदम ओलसर होते. त्या फरकात उघडी काडी हमखास वाकते, म्हणून सरळ झाल्यावर तिला जवसाचे तेल किंवा वॉर्निश द्यावे, आणि बाण कोपऱ्यात भिंतीला तिरके टेकवून न ठेवता उभे टांगावेत.

आपली काडी आता निवली आहे. फरशीवर लोटतो. टक्‌ आवाज जवळजवळ गेला आहे, पण मी तिला आजच पिसे लावणार नाही. रात्रभर तिला सपाट ठेवीन, सकाळी पुन्हा उजेडाकडे धरून पाहीन आणि बाक थोडा परतला असेल तर त्याच खुणेवर आणखी एकदा शेक देईन.