चेंडूचा खरा मार्ग कोणता?

[दृश्य: रुळावरची ट्रॉली, नळीतून उडणारा चेंडू]

चेंडूवर नजर ठेवा. ट्रॉली रुळावरून एकसारख्या वेगाने चालली आहे, सेकंदाला 2 मीटर. तिच्यावर उभी नळी, नळीत स्प्रिंग. स्प्रिंग सुटते आणि चेंडू सेकंदाला 4 मीटर वेगाने वर उडतो. ट्रॉली त्याच्यासाठी थांबत नाही. तरीही तो परत त्याच नळीत येऊन पडतो.

[तेच दृश्य, संथ गतीने]

साधारण 0.8 सेकंद तो हवेत होता. तेवढ्यात ट्रॉली 1.6 मीटर पुढे गेली आणि चेंडूही तेवढाच पुढे गेला. हवेत त्याला कुणी ढकललं नाही. नळीत असताना त्याला जो आडवा वेग होता, तोच सुटल्यावरही कायम राहिला. हे जडत्व.

[पडद्याचे दोन भाग: जमिनीवरचा कॅमेरा, ट्रॉलीवरचा कॅमेरा]

आता दोन्ही चित्रं शेजारी शेजारी. डावीकडे, जमिनीवरून, चेंडू कमान काढतो. उजवीकडे, ट्रॉलीवरून, तो नुसता वर जातो आणि खाली येतो. उड्डाण एकच आहे. मग खरा मार्ग कोणता? दोन्ही खरे. कुणाच्या चौकटीतून, म्हणजे कशाला स्थिर धरून, पाहतोय हे सांगितल्याशिवाय ‘मार्ग’ आणि ‘वेग’ या शब्दांना अर्थच येत नाही.

सापेक्ष गतीचा धडा बहुतेकदा सूत्राने सुरू होतो: एकाच्या वेगातून दुसऱ्याचा वेग वजा करा. सूत्र बरोबरच आहे. पण ही दोन चित्रं आधी पाहिली, की वजाबाकी कशासाठी करायची ते समजतं. म्हणून आधी चित्रं, मग सूत्र.

[दृश्य: चालत्या नावेतून दिसणारा काठ]

आर्यभटाने इ.स. 499च्या सुमारास हेच सांगितलं. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात. तसेच लंकेवरून, म्हणजे त्याच्या गणितातल्या विषुववृत्तावरच्या स्थानावरून, स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. आकाश फिरताना दिसत असूनही फिरणारे आपणच आहोत असं म्हणायला केवढं धाडस लागलं असेल! पुढे 1632 साली गॅलिलिओने जहाजाची बंद खोली घेतली. जहाज संथपणे, एकाच वेगाने जात असेल, तर आतल्या कुठल्याही प्रयोगावरून ते उभं आहे की चालतंय, हे ओळखता येत नाही.

[दृश्य: दोरी, कप्पी, वजन; ट्रॉली वेग घेते]

आता ट्रॉलीला दोरी बांधली, ती कप्पीवरून नेली आणि टोकाला वजन अडकवलं. वजन खाली जातंय तसा ट्रॉलीचा वेग वाढतोय. चेंडू सुटला... आणि नळीच्या मागे पडला.

ट्रॉलीवरचा कॅमेरा काय दाखवतो पाहा: मागे ओढणारं काहीही नसताना चेंडू मागे सरकतो. जमिनीवरून पाहिलं तर यात गूढ काही नाही. चेंडूने आपला आडवा वेग राखला. ट्रॉलीच पुढे निघून गेली. ट्रॉलीवर बसून न्यूटनचे नियम लावायचे, तर एक आभासी बल, म्हणजे प्रत्यक्षात कुणीही न लावलेलं, फक्त हिशेब जुळवण्यासाठी धरलेलं बल, मानावं लागतं. जिथे असं बल मानावं लागत नाही, ती जडत्वीय चौकट. तिच्या सापेक्ष सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने जाणारी प्रत्येक चौकटही जडत्वीयच.

[दृश्य: फिरती गुळगुळीत चकती, तिच्यावरून सरकणारी सोंगटी]

वर टांगलेल्या कॅमेऱ्यात सोंगटी सरळ जाते. चकतीवर बसवलेल्या कॅमेऱ्यात तीच सोंगटी वळते. चकती ठरावीक गतीने फिरत असली, तरी तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूच्या वेगाची दिशा बदलत असते. वेगातला असा बदल म्हणजेही त्वरणच, म्हणून चकतीची चौकट जडत्वीय नाही.

पृथ्वीसुद्धा फिरते, म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर आपला जमिनीवरचा कॅमेराही जडत्वीय नाही. पण विषुववृत्तावर या फिरण्यामुळे येणारं त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतकंच आहे. ट्रॉलीच्या प्रयोगात ते जाणवत नाही. चक्रीवादळांची फिरण्याची दिशा मात्र पृथ्वीच्या या फिरण्यानेच ठरते. आणि वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोचले, की साधी वजाबाकी पुरत नाही; तिथे आइन्स्टाइनचा 1905 सालचा सिद्धांत लागतो.