माहिती कुठून आणली, तेवढं लिहायला शिकवा

नमस्कार मंडळी. आज शाळेतल्या प्रोजेक्टबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर कॉपीबद्दल. परीक्षेतली चिठ्ठीवाली कॉपी चुकीची आहे हे पोट्ट्यांना चांगलं माहीत असतं, तिच्यावर मी वेळ घालवत नाही. मी बोलून राहिले ते घरात, आपल्या डोळ्यांसमोर होणाऱ्या कॉपीबद्दल, मोबाईल समोर ठेवून वहीत उतरवणं चालू असतं आणि आपण म्हणतो, शांत बस, तो अभ्यास करून राहिला.

मारबतीचंच घ्या, म्हणजे वाईटाचा पुतळा मिरवणुकीनं नेऊन जाळायचा नागपूरचा सण. नागपुरातल्या शाळेत 'माझ्या शहरातला सण' असा विषय दिला की बरीच पोरं मारबत घेतात, आणि घ्यायलाच पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, सोबत बडगे म्हणजे दुसरे पुतळे असतात, महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, 'घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्या चालू असतात, हे सगळं पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आणि वह्या तपासायला घेतल्या की सगळीकडे तेच परिच्छेद, त्याच शब्दांत, एकाच साइटवरून उचललेले! गर्दीत बाबांच्या खांद्यावर बसून काय दिसलं ते कोणीच लिहीत नाही.

आता काळ्या मारबतीबद्दल लोक एकच गोष्ट सांगत नाहीत. कोणी म्हणतं ती नागपूरच्या भोसले राजघराण्यातली बाकाबाई, इंग्रजांना सामील झाली म्हणून लोकांनी चिडून तिची मारबत काढली. कोणी म्हणतं ती पूतना राक्षसी. ज्यानं एकाच ठिकाणून उतरवलं त्याला दुसरी गोष्ट आहे हेच कळत नाही. पण एखादीनं पुस्तकात बाकाबाई वाचली आणि इतवारीतल्या आजीनं तिला पूतना सांगितली, तर ती थांबते, तिला प्रश्न पडतो, आणि मग तिला लिहावंच लागतं की पुस्तकात असं आहे, माझी आजी असं सांगते. इतिहास शिकणं इथून सुरू होतं, हे मी अगदी मनापासून सांगते. आणि हो, आजीचं नावही लिहायचं, कोणत्या तारखेला विचारलं तेही लिहायचं, तीही माहितीच आहे.

पोरांवर ओरडून काही होत नाही, कारण दुसऱ्याचं घ्यायचं कसं हे आपण त्यांना शिकवतच नाही. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' म्हणतो आणि मोकळे होतो, अहो पण सहावीतल्या मुलाला समोर छापील परिच्छेद दिसत असताना स्वतःचे शब्द सुचणार कसे? दोन-चार शब्द बदलतो, 'मोठा'चं 'विशाल' करतो, वाक्य तेच राहतं. म्हणून पुस्तक मिटायला लावा. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, मोबाईल पालथा ठेवायचा, आईला नाहीतर धाकट्या भावाला तोंडी सांगायचं, आणि जसं सांगितलं तसं लिहून काढायचं. मग पुस्तक उघडून नावं, साल, आकडे तेवढे तपासायचे. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणचिन्हांत घालायचं. आणि कुठून घेतलं ते त्याच क्षणी समासात, पुस्तकाचं नाव, लेखक, पान नंबर, साइट असेल तर तिचं नाव आणि कधी पाहिली ती तारीख. शेवटी लिहू म्हटलं की रात्री अकरा वाजता काहीच आठवत नाही.

आपल्याकडे अजून एक होतं. हिंदीतून नाहीतर इंग्रजीतून घ्यायचं आणि मोबाईलवर मराठी करायचं, आणि पोरांना खरंच वाटतं की भाषा बदलली म्हणजे माझं झालं. नाही होत. विचार, क्रम, उदाहरणं सगळी मूळ लेखकाचीच असतात, तर नावही त्याचं द्यायचं. एआयला विचारून लिहिलेलंही तसंच, शाळेनं परवानगी दिली असेल तर वापरा पण वापरलं असं लिहा, आणि त्यानं दिलेली पुस्तकांची नावं लायब्ररीत जाऊन बघा, कारण ते नसलेल्या पुस्तकांची नावंसुद्धा अगदी आत्मविश्वासानं सांगतं.

कॉलेजातल्या पोरांकडून ऐकते की दहा टक्के तर चालतं. ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांवरून आलंय. पीएचडीच्या प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत जुळणाऱ्या मजकुराला दंड नाही, 60 च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द होऊ शकतं, मधल्या टप्प्यांना पुन्हा सादर करणं, वर्षभर थांबणं अशा शिक्षा आहेत. पण याचा अर्थ प्रत्येकानं 10 टक्के उचलून घ्यावं असा कोणी काढू नका. तिथपर्यंत दंड होत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. कॉपी तपासणारं सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द शोधतं, मजकूर उचललाय की रीतसर नाव देऊन घेतलाय हे शेवटी माणसालाच वाचून ठरवावं लागतं.

आणि आईबाबांनो, थर्माकोलचा किल्ला तुम्ही कापून दिला असेल तर मागच्या पानावर 'कापायला बाबांनी मदत केली' असं पोराला लिहू द्या. मार्क कमी होतील म्हणून लपवू नका, लपवायचं असतं हे ते तुमच्याकडूनच शिकतं.

शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. सजावटीचे, चमकीच्या पेनचे मार्क थोडे कमी करा आणि ते माहिती कुठून आणली याला द्या. प्रोजेक्ट हातात घेतला की दोन प्रश्न तोंडी विचारा, हे तुला कुठे सापडलं आणि यातलं तुला काय पटलं नाही. एखाद्यानं उचललंय हे लक्षात आलं तर वर्गासमोर उभं करू नका, बाजूला घ्या, मूळ परिच्छेद आणि त्याची वही शेजारी ठेवून दाखवा, आणि पुन्हा लिहायला दोन दिवस द्या.