रेंज आहे, पण फोन लागत नाही

(दृश्य : मेसेजखाली लाल उद्गारचिन्ह. बोट पुन्हा पुन्हा तिथेच.)

'मेसेज पाठवता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

बॅलन्स संपलेला असो, समोरचा नंबर बंद झालेला असो, टॉवरवर गर्दी असो की सिम खराब असो, पडद्यावर वाक्य हेच. बोट पुन्हा दाबतं. मग फोन बंद करून चालू केला जातो. एवढं करूनही जमलं नाही की शेजारचा कोणीतरी हमखास सांगतो, 'फॉर्मॅट मार.'

त्याआधी हा दुसरा फोन बघा.

(दृश्य : दुसऱ्या फोनचा पडदा. 'एरर ३८'.)

इथे वाक्याला एक आकडा जोडलेला आहे. एसएमएस नेटवर्कपर्यंत पोचून नाकारला गेला, की नेटवर्क नकारासोबत कारणाचा क्रमांकही परत पाठवतं. पुष्कळ फोन तो गिळून टाकतात, हा दाखवतोय. १ म्हणजे असा नंबर कोणाला दिलेलाच नाही. ८ म्हणजे कंपनीने ही सेवा तुमच्यासाठी अडवून ठेवली आहे. ४२ म्हणजे गर्दी. ५० म्हणजे ही सोय तुमच्या जोडणीत नाही.

आता ३८ आणि ४१ शेजारी शेजारी ठेवून बघू. ३८ म्हणजे नेटवर्कमध्ये बिघाड आहे आणि तो बराच वेळ टिकेल. लगेच पुन्हा पाठवून उपयोग होण्याची शक्यता कमी. ४१ म्हणजे तात्पुरती अडचण. जवळजवळ लगेच पुन्हा पाठवून बघायला हरकत नाही. मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकात हे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे एकाचं उत्तर 'थांबा' आणि दुसऱ्याचं 'पाठवा'. आपला फोन दोन्ही वेळेला म्हणतो : पुन्हा प्रयत्न करा.

आकड्यांनी लोक घाबरतील असं बनवणाऱ्यांना वाटत असावं. पण आकडा लपवल्यामुळे माणूस आंधळेपणाने बटणं दाबत बसतो, त्याचं काय?

(दृश्य : मेसेज लिहिण्याची चौकट. कोपऱ्यातला अक्षरांचा आकडा कमी होत जातो.)

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये व्होडाफोनच्या नेटवर्कवर गेला. नील पॅपवर्थ या अभियंत्याने तो संगणकावरून पाठवला, कारण तेव्हाच्या हँडसेटवर मेसेज लिहायची सोयच नव्हती. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस'. हा मेसेज आवाजाच्या वाटेने गेला नाही. फोन आणि टॉवर एकमेकांशी जी बारीकसारीक कामाची बोलणी करत असतात, त्या वाटेवरच्या मोकळ्या जागेत तो बसवला होता. जागा होती १४० बाइटची. एका इंग्रजी अक्षराला ७ बिट धरले की त्यात १६० अक्षरं मावतात.

आणि मराठी? देवनागरीच्या एका चिन्हाला साधारणपणे १६ बिट लागतात. १६० ची मर्यादा थेट ७० वर येते. आता इथे 'नमस्कार' लिहिताना आकडा बघा. न, म, स, मग स चा पाय मोडणारं चिन्ह, मग क, काना, र. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, फोन सात मोजतो. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात, आणि तुकडे जोडण्याच्या खुणेपायी प्रत्येकात ६७ च चिन्हं उरतात. म्हणजे दोनशे चिन्हांचा निरोप तीन तुकड्यांत जातो. एखादा तुकडा मागे राहिला तर पुष्कळ फोन पूर्ण मेसेज दाखवतच नाहीत. इंग्रजी मजकुरात एक इमोजी टाकला तरी हाच हिशेब लागू होतो. काही फोन तर लांब मेसेजचा गुपचूप एमएमएस, म्हणजे फोटो-व्हिडिओ पाठवायच्या प्रकारातला मेसेज, करतात. एमएमएसला मोबाइल डेटा लागतो, आणि तो बंद असेल तर पुन्हा तेच लाल चिन्ह.

तेव्हा मेसेज जात नसेल तर पहिली चाचणी अगदी साधी : 'ok' एवढंच इंग्रजीत लिहून पाठवायचं. ते गेलं आणि लांबलचक मराठी मजकूर अडला, तर बिघाड सिममध्ये नाही, रेंजमध्येही नाही.

(दृश्य : डायल पॅड. आकडे एकेक करून उमटतात.)

मेसेज येतात पण जात नाहीत, हा वेगळा प्रकार. तुमचा मेसेज थेट समोरच्याकडे जात नसतो. तो आधी कंपनीच्या मेसेज-केंद्रात जातो, तिथे साठतो, समोरचा फोन सापडला की पुढे सुटतो. या केंद्राचाही एक नंबर असतो, आणि तो सिममध्ये साठवलेला असतो. तो पुसला गेला किंवा चुकला, की बाहेर जाणारे सगळे मेसेज अडतात आणि येणारे मात्र मजेत येत राहतात. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं की उघडणाऱ्या यादीत हा नंबर तपासता येतो. आयफोनवर *#५००५*७६७२# डायल करून कॉलचं बटण दाबायचं. बरोबर नंबर कोणता, ते मात्र कंपनीकडूनच घ्यायचं.

(दृश्य : संध्याकाळचं आकाश, टॉवर. कॅमेरा सावकाश खाली येतो.)

आता कॉल. आधी त्या रेघांबद्दल. किती सिग्नलला किती रेघा दाखवायच्या, याचा सगळ्या फोनना बांधणारा एक नियम नाही. जुलै २०१० मध्ये ॲपलने जाहीर पत्र काढून मान्य केलं होतं की आपलं रेघांचं सूत्रच चुकलं होतं, आणि पुष्कळदा दोन रेघा जास्त दिसत होत्या. खरं मोजमाप डेसिबलमध्ये, उणे आकड्यात असतं. अँड्रॉइडमध्ये 'फोनबद्दल'मधल्या सिमच्या माहितीत ते बहुधा सापडतं. फोरजीवर उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ११५ च्या पलीकडे कॉल टिकणं कठीण.

पण हा फोन बघा. रेघा भरलेल्या, इंटरनेट सुसाट, व्हिडिओ अडखळत नाही. आणि कॉल लावला की लागण्याआधीच कट.

(दृश्य : फोनच्या वरच्या कोपऱ्यातलं '४जी' हे चिन्ह. कॉल लावताच ते नाहीसं होतं.)

फोरजीची पहिली व्यावसायिक सेवा डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये सुरू झाली, तेव्हा ती फक्त डेटासाठी होती. जुन्या नेटवर्कमध्ये कॉलसाठी एक वाट राखून ठेवलेली असायची. फोरजीत अशी वाट ठेवलेलीच नाही. मग कॉल आला की फोन फोरजी सोडून खाली थ्रीजीवर किंवा टूजीवर उतरायचा आणि बोलणं संपलं की पुन्हा वर चढायचा. आत्ता चिन्ह नाहीसं झालं ते त्यामुळेच. पुढे आवाजाचेही डेटासारखे तुकडे करून फोरजीवरूनच पाठवायची सोय आली, तिला व्होल्टी (VoLTE) म्हणतात. सेटिंगमध्ये तिचं एक छोटं बटण असतं.

आता जुनी नेटवर्कं बंद होत चालली आहेत. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ मध्ये संपलं. खाली उतरायला जमीनच राहिली नाही, की व्होल्टी बंद असलेला फोन इंटरनेट चालवतो आणि कॉलला हात वर करतो. ज्या फोनमध्ये व्होल्टी नाहीच, त्यांचे आपत्कालीन कॉलही गेले.

म्हणून 'नेट चालतंय, कॉल लागत नाही' अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा ते बटण बघायचं. मग फ्लाइट मोड. हा उपाय टिंगलीचा विषय झालाय, पण त्याला अर्थ आहे. फ्लाइट मोड लावला की फोन नेटवर्कवरची आपली हजेरी काढून घेतो. अर्ध्या मिनिटाने तो काढला की नव्याने टॉवर शोधतो, सिमची ओळख पुन्हा पटवतो आणि व्होल्टीसाठी पुन्हा नाव नोंदवतो. अर्धवट राहिलेली नोंदणी अशी पूर्ण होते. फोन बंद करून चालू केला तरी हेच होतं, फक्त वेळ जास्त जातो.

(दृश्य : सिमचा ट्रे बाहेर येतो. भिंगाखाली सोनेरी पत्रा, त्यावर बोटाचा तेलकट ठसा.)

'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल तर टॉवर आहे, पण नेटवर्कने तुमचं सिम स्वीकारलेलं नाही, किंवा फोनला सिम दिसतच नाही. सोनेरी पत्रा कोरड्या मऊ कापडाने पुसायचा, ट्रेमध्ये सिम सपाट बसलंय ना ते बघायचं. आणि मग या सगळ्यातली सर्वांत मोलाची चाचणी करायची : हेच सिम दुसऱ्या फोनमध्ये, आणि दुसरं चालू सिम या फोनमध्ये. बिघाड सिमसोबत गेला तर दोष सिमचा किंवा जोडणीचा. फोनमध्येच राहिला तर फोनचा. दोन मिनिटांचं काम, पण करतं कोण! ई-सिम असेल तर ते सेटिंगमधून फक्त बंद-चालू करायचं, काढून टाकायचं नाही. काढलं की पुन्हा मिळवण्यासाठी कंपनीकडे जाणं आलं.

चालू सिम अचानक गप्प झालं आणि आजूबाजूच्यांचे फोन नीट चालत असतील, तर कोणीतरी तुमच्या नावावर दुसरं सिम काढलेलं असू शकतं. कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा.

कॉल जातात पण येत नाहीत, अशा वेळी पुष्कळदा बिघाड नसतोच. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू राहिलेलं असतं, नंबर ब्लॉक झालेला असतो किंवा कॉल दुसरीकडे वळवलेले असतात. *#२१# ने सगळे कॉल कुठे वळवलेत का ते दिसतं, ##००२# ने सगळी वळणं रद्द होतात, व्हॉइसमेलचंसुद्धा. हे कोड पुष्कळ नेटवर्कवर चालतात. मात्र अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला कुठलाही कोड डायल करायचा नाही. वळण लावण्याचे कोडही असेच दिसतात.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली फोनची खालची कड. दोन बारीक छिद्रं.)

हे दृश्य जरा वेळ बघू. कॉल लागलाय, पण समोरच्याला ऐकू जात नाही. ही दोन छिद्रं. फोनच्या कडेवर असंच एक छिद्र सिमचा ट्रे उघडायचं असतं आणि दुसरं मायक्रोफोनचं. सिमची पिन चुकून मायक्रोफोनच्या छिद्रात गेली, की आतल्या जाळीला किंवा पडद्याला इजा होऊ शकते. इथे जाळीवर साचलेला राखाडी थर दिसतोय ना, तो खिशातल्या कापडाचा तंतू आणि धूळ. कोरड्या मऊ ब्रशने वरच्यावर झाडायचा. टोकदार काहीही आत घालायचं नाही, फुंकरही मारायची नाही.

त्याआधी कव्हर काढून बघा. मग आवाज रेकॉर्ड करून ऐका. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर मायक्रोफोन ठीक आहे. ब्लूटूथ बंद करा, कानातलं यंत्र शेजारच्या खोलीत आवाज ओढून घेत असेल. अँड्रॉइड १२ पासून मायक्रोफोन एका बटणात सगळ्या ॲपसाठी बंद करता येतो. वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या पट्टीत ते बटण असतं, आणि चुकून दाबलं जातं.

व्हॉट्सॲपसारख्या ॲपचं थोडक्यात. त्यांच्या सर्व्हरच्या खोलीत कॅमेरा नेता येत नाही. एक टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून सुटला. दुसरी समोरच्या फोनवर पोचल्यावर येते. एकच टिक असेल तर अडचण बहुधा पलीकडे असते. फोनची तारीख चुकली तर सुरक्षेची तपासणी फसते आणि ॲप जोडलंच जात नाही. मेसेज ॲप उघडल्यावरच धडाधड येत असतील तर बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून त्या ॲपला सूट द्या. आणि कधी दोष खरंच तिकडचा असतो : ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सॲपची मालक असलेल्या फेसबुकच्या जाळ्याचे पत्तेच इंटरनेटवरून नाहीसे झाले आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं. त्या दिवशीही अनेकांनी फोन बंद करून चालू केले असतील.

(दृश्य : सेटिंगची यादी. बोट एका ओळीवर थांबतं.)

शेवटचा उपाय ही ओळ : 'नेटवर्क सेटिंग रीसेट'. यात वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. फोटो, मेसेज, नंबर जागच्या जागी राहतात. इतकं करून अडलंच तर कंपनीला फोन. 'चालत नाही' एवढंच सांगू नका. जात नाही की येत नाही, एकाच नंबरवर की सगळ्या, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून काय झालं, आणि किती वाजता, हे सांगा. वेळ महत्त्वाची, कारण नेटवर्कपर्यंत पोचून फसलेला कॉल किंवा मेसेज तिथल्या नोंदीत वेळ आणि कारणाच्या क्रमांकासकट असतो. तो क्रमांक मागा.